तिकडची काढलीस ना

त्या मंगळवारी सकाळी पेंटर घराबाहेर पडला तो पेनाच्या टोकासाठी. संगणकावर चित्रं काढायच्या पेनाला प्लॅस्टिकचं बारीक टोक असतं. ते झिजलं की रेघ फरफटत जाते, आणि त्याचं काम तर केसाएवढ्या रेघांचं. दुकानदारानं पाकीट पुढे करत विचारलं, एवढं काय काढता काका, महिन्याभरात टोकं संपवता? विमानं, पेंटर म्हणाला. कुठली? कुठलीच नाहीत, असं म्हणून पेंटर हसला आणि पाकीट खिशात टाकून घरी आला.

त्यात थट्टा नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्यानं लष्करी विमानतळावरच्या रंगाच्या शेडमध्ये काढली होती. विमानं धुवायची, जुना रंग खरवडायचा, नवा चढवायचा, वर आकडे, खुणा, सूचना छापायच्या. शेडमध्ये सगळे त्याला पेंटर म्हणत. मग गल्ली म्हणू लागली, मग सख्खी बहीणही. निवृत्त झाला तेव्हा फवाऱ्याच्या वाफा छातीत इतक्या मुरल्या होत्या की डॉक्टरांनी सांगितलं, आता रंगाच्या डब्याचं झाकणही उघडायचं नाही. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बसून बसून माणूस गंजायला लागला, तेव्हा भाचीनं आपला जुना संगणक आणि त्यावर चित्रं काढायची काळी पाटी आणून दिली. दोन रविवार बसून तिनं त्याला शिकवलं. थर म्हणजे काय, हे तिनं काचांवरून समजावलं. एकावर एक काचा ठेवल्यात असं समज मामा. एका काचेवर नुसता आकार, दुसरीवर रंग, तिसरीवर अक्षरं. नको ती काच काढून घ्यायची, बाकीच्यांना धक्का लागत नाही. पेंटरला ते फार आवडलं. खऱ्या विमानावर चुकलं की खरवडत बसावं लागतं.

तर त्यानं मनानंच तीन बेटांचं एक प्रजासत्ताक वसवलं आणि त्याला वायुदल देऊन टाकलं. विमानांच्या पाठीवर ओल्या रेतीचा रंग, त्यावर शेवाळी पट्टे, पोट फिकट निळं, आणि शेपटीवर चोच खाली करून सूर मारणारा खंड्या. नुसते रंग भरून तो थांबत नसे. कुठल्या जोडाशी तेल पाझरतं, कुठल्या पायरीवर बुटांनी रंग झिजतो, उन्हानं कुठली बाजू आधी फिकी पडते, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. त्यामुळे त्याची विमानं कालच उतरल्यासारखी दिसत. लहान आकाराची विमानं जुळवणाऱ्या हौशी लोकांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका बाईंनी ती पाहिली आणि बारा चित्रांचं पुस्तकच करायला सांगितलं. त्यांनी एकदा विचारलं होतं, वैमानिक का नसतो आत? पेंटर म्हणाला होता, मी माणसं काढत नाही.

घर दोन मजली. खाली ताई, वर तो. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून एकटीच असे, आणि पेंटरच्या जेवणाचं तीच बघे. जेवण झालं की तो पश्चिमेच्या खिडकीशी कामाला बसायचा. दुपारी तीनच्या सुमारास गल्लीत अगदी सामसूम होई. संगणकाच्या पंख्याची घरघर आणि पाटीवर पेन घासल्याचा आवाज, एवढंच.

तिसरं विमान काढताना पहिल्यांदा ते दिसलं.

दोन सीटचं, शिकाऊ वैमानिकांचं विमान होतं. रंग भरून झाले, अक्षरं झाली. लांबून कसं दिसतंय ते बघायला पेंटर खुर्चीत मागे रेलला, तर डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या खाली, बोटाच्या पेराएवढा एक करडा चौकोन. हात चुकून लागला असेल, असं म्हणून त्यानं तो पुसला आणि काम बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चौकोन तिथंच होता.

पुन्हा पुसला. चहा घेऊन येईपर्यंत पुन्हा आला. आता पेंटरनं तो कुठल्या थरावर आहे ते शोधायला घेतलं. अक्षरांचा थर बंद केला, चौकोन राहिला. मळाचा आणि तेलाच्या डागांचा थर बंद केला, राहिला. पट्टे गेले, रेतीचा रंग गेला, खंड्या गेला, शेवटी विमानाची बाह्यरेघही गेली. समोर कोरा पांढरा पडदा, आणि त्यावर डावीकडे तो करडा तुकडा, एकटाच.

त्यानं चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. तुकड्याच्या तीन कडा सरळ होत्या, चौथी वेडीवाकडी, कात्री न घेता बोटांनी तोडल्यासारखी. मधे हवेचा बारीक फुगा अडकला होता. आणि एका कोपऱ्यावर, दाबून चिकटवताना उमटतात तशा, अंगठ्याच्या रेषा.

पेंटरनं स्वतःचा उजवा अंगठा उजेडात धरला. लहानपणी पत्र्यानं कापल्याची तिरपी खूण त्यावर होती. पडद्यावरच्या अंगठ्यावरही होती.

त्यानं संगणक बंद केला, आणि तेव्हाच त्याला वास आला. थिनरचा. डोळ्यांत पाणी आणणारा, घशाला चिकटणारा तो वास निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत या घरात शिरला नव्हता.

इथं थोडं मागं जायला हवं. विमानाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी मसुराच्या दाण्याएवढी छिद्रं असतात. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो, आणि त्यावर वैमानिकापुढची घड्याळं सांगतात, आपण किती उंच आहोत, किती वेगात आहोत. रंग मारताना ही छिद्रं टेप लावून झाकायची आणि काम झालं की टेप काढायची. एक जरी झाकलेलं राहिलं तरी घड्याळं चुकीचं सांगतात. एकोणीस वर्षांपूर्वी एका शिकाऊ विमानाच्या डाव्या बाजूची टेप निघालीच नाही. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उडालं, समुद्रावर ढगात शिरलं, आणि ढगातून बाहेर आलं ते सरळ पाण्यात. आत दोघं होते, शिकवणारा आणि शिकणारा.

टेप लावली होती पेंटरनं. विमान तपासून सही केली होती भावोजींनी. ताईचे यजमान, शेडचे तपासनीस. त्यांनीच पेंटरला तिथं चिकटवलं होतं.

चौकशी बसली. भावोजींनी सांगितलं, मी विचारलं होतं, काढली म्हणून उत्तर आलं, मग सही केली. पेंटरला विचारलं. त्यानं खाली बघत सांगितलं, मला कोणी विचारल्याचं आठवत नाही. एवढंच. अख्ख्या चौकशीत त्यानं तेवढं एकच वाक्य उच्चारलं. तपासणीची जबाबदारी सही करणाऱ्याची. भावोजी घरी बसले, पेंटरला समज देऊन सोडून दिलं.

त्यानंतर भावोजी अकरा वर्षं जगले, पण त्याला जगणं म्हणायचं तर. त्यांना वाटू लागलं की आपली आठवणच दगा देतेय. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, दिवसातून वीस वेळा. पेंटर समोर आला की त्याचा हात धरून हळूच विचारायचे, अरे, मी विचारलं होतं ना तुला त्या दिवशी? आणि पेंटर म्हणायचा, आठवत नाही हो भावोजी.

त्याला अक्षर न् अक्षर आठवत होतं.

चौथ्या विमानावर चौकोन होता. पाचव्यावर होता. पहिली दोन उघडून बघितली, तर आता त्यांच्यावरही होता, अगदी त्याच जागी. सातवं विमान त्यानं मुद्दाम एका सीटचं काढलं, जिथं ते छिद्र मागे पंखाजवळ असतं. तुकडा मागे पंखाजवळ गेला. पेंटरनं पुसायचं सोडून दिलं. चित्रं संपवायची आणि हातावेगळी करायची, एवढंच त्यानं मनाशी धरलं. थिनरचा वास रोज तीन वाजता यायचा आणि साडेतीनला जायचा. तो खिडक्या उघड्या टाकायचा. मफलर नाकाला बांधून बसायचा.

एका संध्याकाळी ताई ताट घेऊन वर आली. जेवण वाढता वाढता तिनं सहज विचारलं, घर बदलायचा विचार आहे का तुझा?

नाही, का गं?

मग दुपारभर खोकी कसली भरतोस? टेप ओढल्याचा आवाज येतो खाली. चर्रर करून ओढतोस आणि तोडतोस. परत ओढतोस. झोप लागत नाही मला.

पेंटरचा घास हातातच राहिला. त्यानं वर काहीच ऐकलं नव्हतं. घरात टेपचं रीळही नव्हतं. पण तो म्हणाला, हो, जुनी कागदपत्रं बांधतोय. खोटं बोलणं त्याला जड गेलं नाही, आणि ते जड गेलं नाही याचंच त्याला त्या रात्री वाईट वाटत राहिलं.

बारावं चित्र पाठवलं तेव्हा संपादक बाईंचा फोन आला. फार खुश होत्या. म्हणाल्या, काका, तो टेपचा तुकडा काय सुरेख जमलाय. बाराही विमानांवर, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा. एकावर कड सुटलेली, एकावर धूळ बसलेली. वाचक विचारतील तो कशासाठी. दोन ओळी लिहून द्या ना.

पेंटर म्हणाला, लिहून देतो.

आणि पुस्तक अर्पण कोणाला करताय, तेही कळवा, बाई म्हणाल्या.

हे बोलणं ताईनं जिन्यातून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी, पावणेतीनला, ती वर आली. जिना चढून दम लागला होता. पदरानं कपाळ टिपत ती खाटेवर बसली आणि म्हणाली, माझं एक ऐकशील? पुस्तक त्यांच्या नावानं कर. विमानाचं वेड तुला त्यांनीच लावलं. शेवटी शेवटी त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, लोक काय काय बोलले, पण माणूस कामाचा पक्का होता. कुठंतरी त्यांचं नाव चांगल्या कारणानं छापून येऊ दे.

 संगणक चालूच होता. सगळे थर बंद करून पेंटर सकाळपासून त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसला होता.

ताई उठली, चष्मा सावरत जवळ आली. हे काय चिकटवलंयस काचेवर? ती म्हणाली, आणि बायका बरणीवरचं लेबल काढतात तसं तिनं त्या करड्या तुकड्याच्या कडेला नख घातलं.

कड उचलली गेली.

अगदी थोडी. चिकट काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज झाला, तो दोघांनीही ऐकला. पेंटरनं तिचं मनगट धरलं. 

“नको ताई... राहू दे. ती मीच काढायला हवी होती.”

ताईनं त्याच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

“कोणती?” ती म्हणाली.

आणि पेंटरनं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बसायचं धाडस त्याला झालं नाही. छिद्रांवर पिवळी टेप लावायचा नियम होता, लांबून दिसावी म्हणून. त्या दिवशी पिवळं रीळ संपलं होतं. भांडार मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथला माणूस एका रिळासाठी चार प्रश्न विचारायचा. पेंटरला कंटाळा आला. हाताशी करडी टेप होती, तीच लावली. विमानही करडंच. काम झाल्यावर उजवीकडची काढली, आणि तेवढ्यात चहावाला चहा देऊन गेला. डाव्या बाजूला, विमानाच्या नाकाजवळ, पालथ्या डब्यावर बसून तो चहा पीत होता. भावोजी पलीकडे स्टुलावर उभे राहून उजवी बाजू तपासत होते. दोघांच्या मध्ये विमान. शेडमध्ये तिसरं कोणी नव्हतं. भावोजींनी पलीकडूनच विचारलं.

“काय विचारलं?” ताई म्हणाली.

“तिकडची काढलीस ना?”

“आणि तू?”

“काढली म्हणालो.”

“बघून म्हणालास?”

“मान वर केली नाही ताई. चहा गरम होता...”

खिडकीतून ऊन आत आलं होतं. तीन वाजून गेले होते, पण वास आला नव्हता. ताई खाटेवर बसली. बराच वेळ ती आपल्या नखाकडे बघत होती. मग बोलली ते इतक्या हळू की पेंटरला वाकून ऐकावं लागलं.

ती म्हणाली, शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मला विचारलं. मी विचारलं होतं ना गं त्याला? मी म्हटलं, असेल, झोपा आता. असेल, म्हटलं. अकरा वर्षं मी त्यांना भ्रमिष्ट समजत होते. आल्यागेल्याला सांगत होते, त्यांचं मनावर घेऊ नका म्हणून.

पेंटरनं तिच्या पायांना हात लावायला वाकून पाहिलं. तिनं पाय मागे घेतले.

उठून दाराशी गेल्यावर ती थांबली. पाठमोरीच म्हणाली, “विमानातल्या त्या दोघांच्या घरी कोण कोण होतं?”

पेंटरला ठाऊक नव्हतं. त्यांची नावंही त्याला आठवेनात. भावोजी होते तोवर तो त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता, ताईच्या हातचं जेवताना त्याला घास उतरत नव्हता, पण विमानातल्या त्या दोघांकडे त्याचं मन कधी गेलंच नव्हतं. पाण्यात पडले, एवढंच त्यांच्याबद्दल त्याच्याकडे होतं.  ताई भिंतीला धरून एक एक पायरी खाली गेली.

त्या आठवड्यात पेंटरनं सगळं कागदावर लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, पाचव्यांदा राहू दिलं. बस बदलून विमानतळाच्या कार्यालयात गेला. तिथल्या अधिकाऱ्याचं वय चौकशी झाली तेव्हा शाळेत असण्याचं. त्यानं कागद दोनदा वाचला, पाणी मागवलं, आणि अदबीनं म्हणाला, प्रकरण बंद झालंय काका, पण हे मी फायलीला लावतो. तपासनीसांच्या नावापुढचा शेरा बदलायचा तर वर लिहावं लागेल. लिहितो मी. पेंटरला वाटलं होतं, कोणीतरी ओरडेल, कोणीतरी धरून ठेवेल. कोणी काही केलं नाही. शिक्का मारलेली पोच हातात घेऊन तो परत आला आणि ती ताईच्या दाराखालून आत सरकवली.

ताई बोलत नव्हती. जेवणाचं ताट मात्र वेळेवर जिन्याच्या पायरीवर झाकून ठेवलेलं असायचं. तो रिकामं ताट धुऊन परत ठेवायचा. एकदा त्यानं विचारलं, ताई, मी दुसरीकडे राहायला जाऊ का? आतून भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बोलण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं, की पुष्कळ होतं, ते त्याला कळलं नाही.

चित्रं स्वच्छ झाली होती. बाराही विमानांवर त्या जागी आता नुसतं छिद्र होतं, भोवती लाल गोल आणि खाली बारीक अक्षरांत सूचना: हे छिद्र झाकू नये. पेंटरनं प्रत्येक चित्र थर उघडून, मोठं करून, कोपरा न् कोपरा तपासलं. तीन वाजता वास येत नव्हता. खालून आवाजाची तक्रार नव्हती. अर्पणपत्रिकेत त्यानं लिहिलं: भावोजींना, ज्यांनी विचारलं होतं. बारा चित्रं मोजून पुन्हा पाठवली आणि त्या दुपारी कित्येक महिन्यांनी त्याला खुर्चीतच डुलकी लागली.

चार दिवसांनी संगणकावर संपादक बाईंचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, टेप काढून टाकलीत, थोडी चुकचुक वाटली, पण हरकत नाही. तेरावं चित्र मात्र अप्रतिम. पुस्तकाच्या शेवटी दोन पानांवर पसरून तेच घेतेय. तुम्ही माणसं काढत नाही म्हणाला होतात, मग हे एकदम कसं सुचलं?

पेंटरनं ते दोनदा वाचलं. चित्र सोबत जोडलेलं होतं. ते उघडायला त्याचा हात धजेना. त्याच वेळी जिन्यात पावलं वाजली. ताई होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच वर आली होती. हातात ती पोच होती, घडी घालून घालून मऊ झालेली. कदाचित ती बोलायलाच आली असावी. पण त्याचा चेहरा बघून ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

पेंटरनं चित्र उघडलं.

विमान उजव्या बाजूनं दिसत होतं. पेंटर नेहमी डावी बाजू काढायचा. रेतीचा रंग नाही, पट्टे नाहीत, खंड्या नाही. साधं करडं, दोन सीटचं शिकाऊ विमान, शेडमध्ये उभं, ओला रंग चमकतोय. पुढे स्टुलावर भावोजी, पाठमोरे. कानामागे पेन्सिल, मानेवर घामानं चिकटलेली कॉलर. एक बोट छिद्रावर टेकलेलं. आणि मान किंचित वर उचललेली, विमानाच्या पलीकडे कोणाला तरी काही विचारताना उचलतो तशी.

ताईच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला. तिनं हात पुढे करून पडद्यावरच्या त्या पाठीला बोट लावलं. विचारलं होतं हो तुम्ही, ती पुटपुटली. विचारलं होतं.

विमानाच्या पोटाखालून पलीकडची फरशी दिसत होती. तिथं पालथा डबा होता आणि डब्यापुढे दोन पाय, रंगाचे शिंतोडे उडालेले कापडी बूट घातलेले. पेंटरनं ते लगेच ओळखले. बुटाच्या नाड्याही दोन रंगांच्या होत्या, तशाच.

ताईचं बोट पाठीवरून खाली आलं. कापडी बुटांपाशी थांबलं. मग तिथून थोडं मागे सरकलं.

“तू म्हणाला होतास, शेडमध्ये तिसरं कोणी नव्हतं.”

“नव्हतं ताई.”

“नीट आठव.”

“नव्हतं... आम्ही दोघंच होतो. अजून कोणी यायची वेळच झाली नव्हती.”

 तिचं बोट काचेवरून हललं नाही. डब्याच्या मागे, डब्याला अगदी खेटून, वैमानिकांच्या काळ्या बुटांचे दोन जोड उभे होते. चारही बुटांची टोकं कापडी बुटांकडे वळलेली, डब्यावर बसलेल्या माणसाचं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून जवळ येऊन उभं राहावं तशी. विमान अजून शेडबाहेर निघालं नव्हतं, बाहेर ऊन होतं, शेडची फरशी कोरडी होती.

फक्त त्या बुटांभोवती ती ओली होती, आणि ते पाणी हळूहळू डब्याकडे पसरत होतं.